ठोका, चाहूल आणि टिचकी : आवाजातून माहिती देण्याचा इतिहास



आजच्या विषयाला एक जड शब्द आहे, 'सॉनिफिकेशन'. शब्द जड असला तरी गोष्ट साधी आहे. आकडे, मोजमापं, बदल हे डोळ्यांना दाखवायचे तर आपण तक्ता मांडतो, आलेख काढतो. तेच कानाला कळवायचे तर त्यांचा आवाज करावा लागतो. तापमान चढलं की सूर चढतो, नदीचं पाणी वाढलं की ठोके जलद पडतात, अशा तऱ्हेने. आणि ऐकणारा माणूस त्या आवाजांच्या मधोमध उभा आहे, तो पुढे सरकला, त्याने काही विचारलं की आवाजही त्याप्रमाणे बदलतात, अशी रचना केली तर तिला संवादी ध्वनिपरिसर म्हणतात. आम्ही आज या सगळ्याला मिळून सरळ 'आकड्यांचा आवाज' म्हणणार आहोत.

पोंभुर्ण्यात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. संगणकवाल्यांचा विषय, त्यांनी पुण्या-मुंबईत बोलावं. आमचं म्हणणं उलट आहे. जिथे माणसाचे डोळे आणि हात कामात गुंतलेले असतात आणि धोका पाठीमागून येतो, तिथे हा विषय जीवनमरणाचा असतो. मार्च-एप्रिलात मोह वेचणारी बाई घ्या. डोळे जमिनीवर, कंबर वाकलेली, हात फुलांत. मे महिन्यात तेंदूपानं तोडणारा मजूर घ्या. धानाच्या बांधीवर रात्री जागलीला बसलेला शेतकरी घ्या. या सगळ्यांना आलेख दाखवून काही उपयोग नाही. त्यांच्याकडे मोकळा असतो तो फक्त कान. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. आणि कानाला पाठीमागचंही कळतं.

या विषयाचा इतिहास बहुधा संगणकापासून सांगतात. आम्ही तो तसा सांगणार नाही. आवाजातून माहिती देण्याच्या तीन जुन्या रीती आहेत. तिन्ही आपल्या भाषेत आणि आपल्या रानात आहेत. त्यांना आम्ही नावं दिली आहेत : ठोका, चाहूल आणि टिचकी. या तिघींत फरक काय, तो का महत्त्वाचा, आणि आज आपल्या गावांभोवती जे नवे भोंगे बसू लागले आहेत ते यांपैकी कुठे बसतात, एवढंच आज बघू.

पहिली रीत, ठोका.

आपण वेळ कशी विचारतो? 'किती वाजले?' मनगटावर घड्याळ असतं, हातात मोबाइल असतो, त्यातून आवाज येत नाही, तरी आपण विचारतो किती 'वाजले'. उत्तर देणाराही म्हणतो, 'साडेतीन वाजले.' अनेक भाषांत वेळ असते, जाते, होते. आपल्याकडे ती वाजते. याचं कारण असं की आपल्या पूर्वजांना वेळ दिसत नव्हती, ऐकू येत होती. 'तास' हा शब्द घ्या. तो अरबी-फारशीतून आला, मूळ अर्थ भांडं, वाटी. मराठीत त्याचा एक अर्थ होता ठोके देण्याची धातूची थाळी. थाळीवर ठोका पडला की तास झाला, म्हणून त्या काळालाच तास म्हणू लागले. 'घड्याळ' शब्दाच्या पोटात घटी आहे, घटका आहे. 'घटका भरली' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असतं ते घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडायला जेवढा वेळ लागेल ती एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवस-रात्र मिळून ६० घटका, ८ प्रहर. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात अशी वाटी सोडलेली तुमच्यापैकी काही ज्येष्ठांनी पाहिली असेल.

म्हणजे बघा, पाण्याची पातळी हे मोजमाप आणि थाळीवरचा ठोका हा त्याचा आवाज. आकड्यांचा आवाज हा प्रकार आपल्याकडे इतका जुना आहे की तो भाषेत मुरून गेला. 

आता यातली एक ऐतिहासिक गोष्ट सांगतो, ती आजच्या विषयाचा गाभा आहे. बाबराने आपल्या आठवणी लिहिल्या, बाबरनामा. १५२६ नंतर तो हिंदुस्थानात स्थिरावला तेव्हा इथल्या अनेक गोष्टींची त्याने बारकाईने नोंद केली. त्यात घडियाळाची नोंद आहे. जाड पितळी थाळी उंचावर टांगलेली, ती वाजवायला नेमलेली माणसं, त्यांना घडियाली म्हणत. पहिली घटका भरली की एक ठोका, दुसरी भरली की दोन, असं करत प्रहर संपला की भराभर ठोके आणि मग प्रहराची खूण. पुढच्या प्रहराला पुन्हा एकपासून मोजणी सुरू.

बाबराला यात एक खोट दिसली. मध्यरात्री जाग आलेल्या माणसाने तीन ठोके ऐकले. तीन घटका झाल्या हे खरं, पण कुठल्या प्रहराच्या? दुसऱ्या की तिसऱ्या? ते कळायला मार्ग नाही. प्रहराची खूण वाजली तेव्हा तो झोपला होता. ठोके अगदी बरोबर होते, आणि ऐकणाऱ्याला तरी उपयोग नव्हता. तेव्हा बाबराने हुकूम केला की रात्री आणि ढगाळ दिवशी घटकांचे ठोके दिल्यावर थोडं थांबायचं आणि मग प्रहराची खूणही वाजवायची. म्हणजे जो जेव्हा जागा होईल त्याला तेवढ्यावरून पूर्ण वेळ कळेल.

गंमत वाटते की नाही? राज्य जिंकण्याच्या धामधुमीत हा माणूस झोपेतून उठलेल्या एका अनोळखी श्रोत्याचा विचार करतो आहे. आज या क्षेत्रात काम करणारे लोक जो पहिला धडा शिकतात तो हाच : आवाज अचूक असून भागत नाही, अर्धवट ऐकणाऱ्यालाही तो पुरा कळला पाहिजे. ऐकणारा सुरुवातीपासून हजर असतो असं धरून चालता येत नाही.

ठोक्याची ही परंपरा पुढे चालू राहिली. कचेरीवरचा, तुरुंगावरचा पहारेकरी तास वाजवायचा. शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. कोतवाल दवंडी द्यायचा, काही गावांत तिला मुनादी म्हणत. मग कारखाने आले, खाणी आल्या, त्यांच्याबरोबर भोंगा आला. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या माणसाला भोंगा समजावून सांगायला नको. कोळसा खाणीत आणि कागद कारखान्यात पाळी बदलायची ती भोंग्यावर, आणि आसपासच्या गावांतली न्याहारी, डबा, शाळेची निघानिघ हीसुद्धा त्याच भोंग्यावर. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आवाज कुणीतरी ठरवतो, एका जागेवरून सगळ्यांना देतो, आणि ऐकणाऱ्याला उलट विचारता येत नाही. ठोका म्हणजे एकतर्फी निरोप.

दुसरी रीत, चाहूल.

आपल्याकडचा ढोरकी गुरं घेऊन रानात जातो. गुरं झुडपांत पांगतात, दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या गळ्यात घंटा असते. या जंगलपट्ट्यात लाकडी घंटाही वापरतात. तिचा आवाज धातूच्या घंटेसारखा किणकिणत नाही, तो खडखड, टकटक असा असतो, आणि रानाच्या इतर आवाजांतून वेगळा ओळखू येतो. आता ही घंटा वेळ सांगत नाही, आज्ञा करत नाही. जनावराची हालचाल आपोआप आवाजात उतरते, एवढंच. गाय चरत असली की आवाज मंद आणि तुटक. चालायला लागली की एका लयीत. घाबरून पळाली की एकदम भराभर. बसून रवंथ करू लागली की क्वचित एखादा. आणि अजिबातच आवाज नसला तर ढोरकी उठून बघतो, कारण शांततेलाही अर्थ आहे.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचं तर हा हालचालीचा संवेदक आहे, त्याला वीज लागत नाही, आणि तो सतत चालू आहे. पण खरी करामत ढोरक्याच्या कानात आहे. तो घंटेकडे लक्ष देऊन बसलेला नसतो. तो बिडी ओढत असतो, दोर वळत असतो, सोबत्याशी बोलत असतो. आवाज मागे चालू असतो. त्यात बदल झाला की मात्र त्याचं लक्ष जातं. माणसाच्या कानाची ही जात आहे : सारखं राहणारं तो मागे टाकतो, बदललेलं पुढे आणतो. पंखा चालू असताना आपल्याला ऐकू येत नाही, बंद पडला की जाग येते.

रानातली चाहूल याहून मोठी आहे. वाघ निघाला की चितळ ओरडतं, झाडावरून वानर खकारतं, सांबर ढांकतं, भेकर भुंकतं. ताडोबातले गाइड त्याला 'कॉल' म्हणतात. पण जाणत्या माणसाला सगळे कॉल सारखे नसतात. चितळ कशानेही बिचकतं, त्याच्या एका हाकेवर कुणी धाव घेत नाही. वानर उंचावरून बघतं, त्याची हाक अधिक भरवशाची. सांबर उगाच ओरडत नाही. आणि ही हाक एका जागी थांबत नाही. वाघ चालतो तशी एका कळपाकडून दुसऱ्या कळपाकडे सरकत जाते. म्हणजे जनावर कुठे आहे, कुठल्या दिशेला चाललं आहे, बातमीवर किती विश्वास ठेवावा, हे सगळं आवाजातच आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून मराठीला जे दिलं त्यात रानाचे शब्द आहेतच. पण त्याबरोबर जंगल कानाने वाचता येतं ही समजही त्यांनी शहरातल्या वाचकांपर्यंत नेली. 

जगभरात ज्याला आज संवादी ध्वनिपरिसर म्हणतात त्याचा आदर्श नमुना तुमच्या तालुक्याला लागून उभा आहे. माणूस त्यात शिरला की त्याच्या येण्यानेही आवाज बदलतात. त्याच्यासाठीही वानर ओरडतं! तो निव्वळ श्रोता राहत नाही.

तिसरी रीत, टिचकी.

उन्हाळ्यात मडकं घ्यायला गेलात तर काय करता? टिचकी मारून बघता. खणखणीत वाजलं तर पक्कं भाजलेलं, बद्द वाजलं तर तडा. पूर्वी चांदीचा रुपया दगडावर आपटून वाजवून घ्यायचे. त्यावरूनच आपण भरवशाच्या माणसाला 'खणखणीत नाणं' म्हणतो. भूमिगत कोळसा खाणीत छत ठोकून बघतात. दगड पक्का असेल तर टणक आवाज येतो, आतून सुटला असेल तर ढोलासारखा पोकळ. त्या एका फरकावर खाली काम करणाऱ्यांचे जीव अवलंबून असतात.

हीच रीत युरोपात वैद्यकात शिरली. लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचा व्हिएन्नाचा डॉक्टर, बाप खानावळ चालवणारा. तिथे दारूच्या पिंपावर बोटं मारून आत किती दारू उरली ते ओळखायचे, असं त्याच्याविषयी नेहमी सांगतात. त्याने माणसाच्या छातीवर बोटं मारून आतलं पाणी ओळखण्याची रीत बसवली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ साली त्याचं फ्रेंच भाषांतर झालं तेव्हा ती रीत पसरली. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला.

टिचकीचं वैशिष्ट्य काय? इथे ऐकणारा वाट बघत बसत नाही, तो विचारतो. कुठे ठोकायचं, किती जोराने, पुन्हा ठोकायचं का, हे त्याच्या हातात असतं. शंका आली तर शेजारी ठोकून ताडून बघतो. प्रश्न त्याचा, उत्तर वस्तूचं.

आता यंत्रांचा काळ झपाट्याने बघू, कारण यंत्रांनी नवीन रीत फारशी आणली नाही, याच तीन रीतींना नवे विषय दिले.

१९२८ साली हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी किरणोत्सर्ग मोजणारी नळी बनवली. तिची टकटक सगळ्यांना माहीत आहे. किरणं वाढली की टकटक दाट होते, आणि हातात यंत्र धरून फिरणाऱ्याची नजर जमिनीवर मोकळी राहते. ही चाहूल, आणि यंत्र इकडेतिकडे फिरवून शोध घेता येतो म्हणून टिचकीसुद्धा. शस्त्रक्रियेच्या खोलीतला ऑक्सिमीटर घ्या. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावला तो घरगुती होता, त्यात आकडा बघायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या यंत्रात प्रत्येक नाडीला एक सूर वाजतो आणि रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो सूर खाली उतरतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला मान वर करावी लागत नाही. १९८१ साली व्हॉयेजर-२ यान शनीच्या कड्यांजवळून गेलं तेव्हा पडद्यावर नुसता गोंधळ दिसत होता. तोच संकेत ध्वनीत वाजवला तेव्हा गोळ्यांच्या फैरीसारखा आवाज आला आणि यानावर सूक्ष्म धूलिकण आदळत असल्याचं कळलं. डोळ्याला जे नुसतं खरखरीत दिसलं त्यातली लय कानाने पकडली.

१९९२ साली अमेरिकेत सांता फे इथे ग्रेगरी क्रेमर यांनी या विषयात काम करणाऱ्यांना एकत्र आणलं आणि याचं शास्त्र झालं. पुढे जर्मनीत थॉमस हरमान यांनी एक कल्पना मांडली, ती आम्हाला फार आवडते. ते म्हणाले, आकड्यांनी आपणहून वाजत कशाला राहायचं? ते शांत पडून राहू देत. माणूस त्यांना हलवील, टिचकी मारील, तेव्हाच त्यांनी आपल्या घडणीप्रमाणे वाजावं. खोक्यात काय आहे ते आपण खोकं हलवून ओळखतो तसं. म्हणजे मडकं ठोकून बघणारी आजी आणि संगणकावर माहितीचा ढीग तपासणारा संशोधक एकाच कामाला लागले. २०२० पासून नासाच्या चंद्रा दुर्बिणीच्या प्रतिमाही आवाजात ऐकवल्या जाऊ लागल्या. चंद्रा म्हणजे आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांचंच नाव त्या दुर्बिणीला आहे. वांडा दियाझ-मर्सेड नावाच्या खगोलशास्त्रज्ञ आहेत. दृष्टी गेल्यावर त्यांनी ताऱ्यांची मोजमापं ऐकून संशोधन चालू ठेवलं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ही हौस राहत नाही, तो विद्येचा दरवाजा ठरतो.

आता आपल्या दारात येऊ.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य झालं, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाघाला प्रकल्पाची हद्द वाचता येत नाही. तो चंद्रपूरच्या प्रादेशिक वनात येतो, बांधीपर्यंत येतो, आणि माणसं मरतात. इथे बसलेल्या कुणाच्या घरी हे झालं असेल, म्हणून आम्ही यावर अलंकारिक काही बोलणार नाही.

यावर उपाय म्हणून २०२३ साली ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाभोवती संगणकाला जोडलेले कॅमेरे बसवले गेले. कॅमेऱ्यासमोर वाघ आला की कृत्रिम बुद्धिमत्ता तो ओळखते आणि गावाला इशारा जातो. पुढे इतर गावांसाठीही अशा व्यवस्थांचा विचार सुरू झाला. आम्ही याचं स्वागत करतो. एक जीव वाचला तरी सगळा खर्च वसूल आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारतो : गावाला ऐकू येणारा जो भोंगा आहे, तो कुठल्या रीतीतला?

तो ठोका आहे. कॅमेऱ्याने बघितलं, यंत्राने ठरवलं, भोंगा वाजला. आता जागलीवर बसलेल्या माणसाला काय कळलं? वाघ आहे, एवढंच. कुठल्या बाजूला? आत्ताच दिसला की अर्ध्या तासापूर्वी? येतो आहे की चालला? यंत्राला खात्री किती? आणि मुख्य म्हणजे, आता गेला का? बाबराला जे तीन ठोके अपुरे वाटले, तसाच हा भोंगा अपुरा आहे. घटका कळली, प्रहर कळला नाही. 

अशा अर्धवट इशाऱ्याचा परिणाम काय होतो, तो लांडगा आला रे आला या गोष्टीत लहानपणीच ऐकला आहे. पण ही निव्वळ पोरांची गोष्ट नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. २०१३ साली तिने एक इशारा प्रसिद्ध केला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात यंत्रांच्या इशारा-घंटांशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या, त्यांतल्या ८० मध्ये रोगी दगावला. कारणांतलं एक मोठं कारण असं की घंटा इतक्या वाजतात, आणि त्यांतल्या इतक्या निरर्थक असतात, की शिकलेल्या परिचारिकांचाही कान मरतो. कुणी आवाज कमी करतं, कुणी बंद करतं. जिथे सगळे प्रशिक्षित, तिथे हे होतं. मग दिवसभर धान रोवून थकलेल्या माणसाचा कान मेला तर त्याला दोष द्यायचा का?

काही लोक यावर म्हणतील, मग सगळंच सांगून टाका. वाघाचा ठावठिकाणा मिनिटामिनिटाला वाजवा. इथे दुसरी अडचण येते. गावाला जे कळतं ते शिकाऱ्यालाही कळतं. फार नेमकी माहिती वाघाचा जीव घेऊ शकते, फार मोघम माहिती माणसाचा. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं हा यंत्राचा प्रश्न नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्यात गावाचं मत धरलंच पाहिजे.

तिसरी अडचण तुमच्या ध्यानात कदाचित आधीच आली असेल. मोठा भोंगा रानाचे आवाज गिळून टाकतो. भोंगा वाजत असताना वानर ओरडलं तर ऐकू येणार नाही. ज्या चाहुलीवर पिढ्यान् पिढ्या माणसं जगली, तीच आपण नव्या इशाऱ्याखाली दाबली तर एक डोळा बसवून दुसरा फोडल्यासारखं होईल. आणि भरवसा एकदा यंत्रावर टाकला की पोरांना चितळाची हाक आणि सांबराची हाक यांतला फरक शिकवणार कोण? यंत्र बंद पडेल त्या रात्री काय?

यावर उपाय आहेत, आणि ते आपल्या तीन रीतींतूनच निघतात. ठोका ठेवा, पण त्यात प्रहर घाला. गावाच्या चार दिशांना चार वेगळ्या तऱ्हेचे आवाज असावेत, म्हणजे पूर्वेचा इशारा पूर्वेचाच म्हणून कळेल; एवढ्याने शिकाऱ्याला वाघ सापडत नाही, पण माणसाला पाय कुठे उचलायचा ते कळतं. बातमी ताजी असेल तर ठोके दाट, जुनी होत जाईल तसे विरळ. धोका टळल्याची खूण वेगळी आणि न चुकता दिलेली. आवाज थोडा वेळ वाजून थांबलेला, म्हणजे मधल्या शांततेत रान ऐकू येईल. आणि पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, टिचकीची सोय. माणसाला विचारता आलं पाहिजे. मोह वेचायला निघालेल्या बाईने पहाटे गावातल्या खांबावरची कळ दाबावी आणि खांबाने तिला आवाजात सांगावं की आज रात्रीपासून या बाजूला काय काय हललं. साध्या फोनवरून विचारता आलं तर आणखी चांगलं. यात अशक्य असं काही नाही, बस-स्थानकावर चौकशीची खिडकी असते तेवढंच हे आहे.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून शेवटचा मुद्दा, आणि मग थांबतो.

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. 'पाऊस ऐकला' म्हणजे कानावर आला. 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे सांगितलेलं मानत नाही. एकच शब्द, एकदा जाणून घेण्यासाठी, एकदा आज्ञा पाळण्यासाठी. आमच्या मते आवाजातून माहिती देण्याचा सगळा इतिहास या दोन अर्थांच्या ओढाताणीचा आहे. भोंगा दुसऱ्या अर्थाने ऐकायला लावतो : वाजलं, पळा. ढोरकी घंटा ऐकतो ती पहिल्या अर्थाने : त्यातून तो स्वतः निष्कर्ष काढतो. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, श्रवण, मनन, निदिध्यासन. श्रवण ही पहिली पायरी आहे. तिच्यानंतर मननाला जागा असावी लागते. नुसत्या आज्ञेत मनन नसतं.

घाईच्या क्षणी आज्ञा लागते, हे आम्ही नाकारत नाही. वाघ वीस पावलांवर असताना मनन करायला कुणी सांगणार नाही. पण वर्षाच्या बाकीच्या सगळ्या रात्री माणसाला रानाबरोबर राहायचं असतं, आणि राहण्यासाठी माहिती लागते, तीही उलट विचारता येईल अशी. जो नुसताच भोंगा ऐकतो त्याला रानाविषयी काही कळत नाही, फक्त भीती कळते. त्या भीतीचा पुढे राग होतो, आणि मग वाघ आणि वनखातं दोघेही शत्रू वाटू लागतात. आवाजाची रचना चुकली तर तिची किंमत अशी दूरवर चुकवावी लागते.

म्हणून आमची एक विनंती आहे. तुमच्या गावात अशी व्यवस्था येईल तेव्हा ग्रामसभेत तिच्याबद्दल बोला. यंत्र किती रुपयांचं हे विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा : आवाज कसा असेल, तो कोण ठरवणार, कुठली बाजू त्यातून कळेल, टळल्याची खूण कोणती, आणि आम्हाला उलट काही विचारायचं असेल तर कसं विचारायचं? गावातल्या ढोरक्यांना आणि मोह वेचणाऱ्या बायांना त्या बैठकीत पुढे बसवा. आवाज तयार करणाऱ्या इंजिनिअराला त्यांच्याबरोबर चार दिवस रानात पाठवा. कुठला आवाज रानात वेगळा उठून येतो आणि कुठला बुडून जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

बोलण्याच्या ओघात वेळेचं भान राहिलं नाही. किती वाजले, ते समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी सांगा. आणि आता तुमचे प्रश्न घेऊ या; आतापर्यंत आमचा नुसता ठोका चालला होता.